लुनाची स्प्रिंग

अब्बा गेल्यावर त्यांच्या वस्तू एकेक करून घराबाहेर पडू लागल्या. गेलेल्याचं सामान कोणाच्या तरी कामी आलं की सवाब मिळतो, असं अब्बांच्या बहिणीचं, नसीमबानो फुफीचं म्हणणं. कपडे मशिदीत गेले. चष्मा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला दिला. नंबर जुळला नाही, पण त्यानं नाही म्हटलं नाही. आता तो अब्बांच्या चष्म्यातून बघून भलत्याच पोरांना "वकार बेटा" म्हणून हाक मारतो. वकार मी.

उरली त्यांची जुनी मोपेड, लुना. ती बडनेऱ्याच्या शाकीबभाईला द्यायचं ठरलं. तो गरजू नव्हता, पण फुफीचा जावई होता.

"तुले पायजे का?" फुफीनं आधी मलाच विचारलं होतं.

"नाही."

त्या दिवसांत मी सगळ्यालाच नाही म्हणत होतो. चहालाही. तरी चहा येतच होता. लुना मात्र निघाली.

ती न्यायला शाकीबभाई येणार, त्या दुपारी मी दुकान उघडलं. अमरावतीतलं अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. एका कोपऱ्यात मी गिटारी दुरुस्त करतो. ऑर्केस्ट्रावाला गोपाल भेटायला आला. गिटार त्यानं दाराआड लपवली होती. निम्मी दिसत होती.

"काही लागलं तं सांगजो, वकारभाऊ."

"बरं."

तो उठेना.

"गोपाल, गिटार आण आत."

"नाही बावा, अशा टायमाले कसं..." म्हणेपर्यंत त्यानं बॅगेची चेन उघडली होती. "आज अकोल्याले लग्न हाय. हे दांडी दाबली का सूर खाली जाते, अन् मंग वर येतच नाही."

"एवढ्या जाड तारा काहून लावल्या?"

"बारीक तुटतात ना! वरात नाचून राहते अन् मी तार बदलून राहतो."

सूर लहरवायच्या त्या दांडीच्या बुडाशी ब्रिज असतो, म्हणजे तारा अडकवलेली पट्टी. त्याला पुढून सहा तारा ओढतात आणि मागून गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा. कोणीच जिंकलं नाही की गिटार सुरात. इथं जाड तारा जिंकत होत्या. ब्रिज पुढे वाकून काहीतरी हरवलेलं शोधत होता.

आणखी एक स्प्रिंग हवी होती. माझ्याकडच्या संपलेल्या. अब्बांच्या खणातली शिलाई मशीनची लावली, तर ती क्षणात सरळ तार झाली.

दारात लुना उभी होती, जावयासाठी धुतलेली. मी तिचं मागचं चाक खोललं. ब्रेकमध्ये एक स्प्रिंग असते. ब्रेक दाबून सोडला की त्याला परत जागेवर आणायचं, एवढंच तिचं काम.

"अबे, ते अब्बाची गाडी..." गोपाल म्हणाला.

"शाकीबभाईची हाय."

"मंग ठीक हाय."

स्प्रिंगचं एक टोक थोडं मुरडावं लागलं. मग मागचे स्क्रू ढिले करायचे, तारा सुरात आणायच्या, ब्रिज बघायचा, पुन्हा स्क्रू. शेवटी ब्रिज सपाट बसला. दांडी दाबली. सूर बकरीसारखा ओरडत खाली गेला आणि होता तिथं परत आला. गोपालनं पुन्हा पुन्हा दाबून पाहिली.

"येते ना बे वापस!"

"हो," मी म्हटलं. हाताला ग्रीसचा वास होता. अब्बांच्या हाताला असायचा तोच. मी हात धुतला नाही. तसं जेवणही झालेलं नव्हतं.

गोपाल अकोल्याच्या बसला गेला. मी चाक पुन्हा बसवलं. शाकीबभाई आला, लुनावर बसला.

"ब्रेक नका दाबू," मी सांगितलं.

"काहून?"

"सुटणार नाही."

तो हसला. कोपऱ्यावर कोंबडी आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला. कोंबडी गेली. लुना तिथंच. चाक पुढे जाईना, मागे येईना. मागून उचलून, शिव्या देत, त्यानं ती दुकानापर्यंत ओढत आणली.

"ठेवा तुमची तुमाले! भंगारवाला बी नाही घेणार."

तो रिक्षानं गेला. जावयाला निरोप द्यायला आलेली फुफी माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिली.

"पायजे होती तं सांगाचं ना, बेटा."

"नको होती."

फरशीवर लुनाच्या तेलाचा जुना डाग होता. मी ती बरोबर त्यावर उभी केली. फुफीनं चहा आणला. मी नाही म्हटलं. मग प्यायलो.