उमैयाळचं मौन

पोन्नंबलम ओदुवारांचा श्वास पदाच्या मधेच तुटू लागला, आणि त्या वर्षी आमच्या कीळमंगलमच्या देवळातली सायंपूजा गाण्यावाचून होऊ लागली. दिवे ओवाळले जात असताना गाभाऱ्यासमोर उभं राहून शिवाची जुनी पदं म्हणायची, एवढंच ओदुवारांचं काम. त्यांच्या घरात सहा पिढ्या हेच चालत आलेलं. मुलाला त्यांनी सगळं शिकवलं, तर तो तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेला. मुलगी उमैयाळ चोवीस वर्षांची झाली, तिला मात्र एक ओळही कधी दिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, आता गाणं बंद. तेव्हा त्यांना मुलगी आठवली.

देवस्थानच्या अधिकाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, मार्गळी महिन्यातल्या तिरुवादिरैच्या, म्हणजे शिवाच्या आर्द्रा उत्सवाच्या सकाळी येऊन ऐकतो. पोरीला जमलं तर तिची नेमणूक. नाही तर दुसऱ्या गावचा माणूस.

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते. माहेरी असताना एका संन्यासिनी अम्मांकडे मी आठ वर्षं आसनं आणि प्राणायाम शिकले. पुढे नवरा गेला आणि माझे नेमधर्मच माझा संसार झाले. एका संध्याकाळी ओदुवार काठी टेकत आले आणि माझ्या ओट्यावर बसले. बराच वेळ नुसते धापा टाकत होते.

"मंगै, पदं मी देतो तिला," ते म्हणाले. "श्वास तू दे. माझ्याकडे देण्याइतका उरला नाही."

उमैयाळचा आवाज लहान नव्हता. ती बांधावरून शेळ्यांना हाक मारायची तेव्हा कुंभकोणमची बस थांबते, असं गाव म्हणायचं. पण तो सगळा आवाज गळ्यातला. गायला लागली की चार शब्दांत श्वास संपायचा आणि पाचवा शब्द फाटायचा.

तिरुवादिरैला बरोबर अठ्ठेचाळीस दिवस होते, म्हणजे एक पूर्ण मंडल. आमच्याकडे कोणतंही व्रत अंगी लागायला मंडल लागतं. मी तिला देवीपुढे बसवलं आणि मनगटाला हळदीचं कंकण बांधलं.

पहाटे अरसलार नदीत छातीएवढ्या पाण्यात उभं राहून 'आ'कार लावायचा. पाणी छातीला दाबतं, त्यामुळे श्वास आपोआप खाली पोटात उतरतो. मग घरी येऊन चटईवर उताणं पडायचं, बेंबीवर तांदळानं भरलेलं पितळी माप ठेवायचं. श्वास घेताना माप वर गेलं पाहिजे, सोडताना सावकाश खाली. खांदे हलले की पुन्हा पहिल्यापासून.

"अक्का, ह्या तांदळाचा भात कधी होणार?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, आणि हसण्यानं माप कलंडलं.

ओदुवार भिंतीला टेकून बघत होते. "श्वास घेतेस की इडली गिळतेस?"

"इडली मिळाली तर गिळीन. सकाळपासून नुसती हवा खातेय, अप्पा."

"हवेवरच तुझा आजा नव्वद वर्षं जगला."

"आणि आजी? तिनं काय खाल्लं?"

"बोलणी," ते म्हणाले, आणि तिघंही हसलो. त्यांना हसण्याचाही दम लागला.

नवख्या माणसानं श्वास कोंडायचा नसतो, लांबवायचा असतो. हे मी तिला रोज सांगत असे. ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करायचा आणि मनात अंक मोजायचे. पहिल्या आठवड्यात ती नऊपर्यंत पोचली, मग पंधरा. पण दुपार झाली की तिचा आवाज बसायचा. कारण साधं होतं. दिवसभर ती शेळ्यांवर, शेजारणींवर, फोनवर भावावर ओरडायची. पहाटे कमावलेलं दुपारी उधळायची.

म्हणून दहाव्या दिवशी मी तिला मौन दिलं. पहाटेचा सराव आणि अप्पांचा धडा झाला की संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत एक अक्षर नाही. माझ्या अम्मांनी मलाही असंच मौन दिलं होतं.

"चुकून निघालं तर?" तिनं विचारलं.

"तर मंडल मोडलं. कंकण सोडायचं आणि पहिला दिवस पुन्हा मोजायचा. मग तिरुवादिरै काही आपल्यासाठी थांबत नाही."

मी हे करड्या आवाजात सांगितलं. ती हसली नाही. "नाही निघणार," ती म्हणाली.

आणि नाही निघालं. शेळ्यांना ती टाळ्या वाजवून वळवू लागली. पलीकडच्या रामलिंगम कंपाउंडरची बायको तिला मुद्दाम छेडायची, "काय गं, तोंडात विडा कोंबलाय का?" उमैयाळ नुसती मान उडवायची. तिच्या खुणा मला सगळ्यांत आधी समजायच्या. तिसाव्या दिवशी पदाची पूर्ण ओळ तिनं एका श्वासात म्हटली आणि शेवटचा स्वर ओठांवर ठेवून अलगद सोडला. ओदुवारांनी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "दुसरी ओळ याहून लांब आहे." स्तुती त्यांना जमत नसे.

एक्केचाळिसाव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, मी जपाला बसले होते. पंचाक्षरीची एक माळ, एकशे आठ. जप चालू असताना उठायचं नाही हा माझा तेवीस वर्षांचा नेम. दार कुणीतरी तळव्यांनी बडवू लागलं. हाक नव्हती, नुसती थाप. वाटलं, गल्लीतली पोरं असतील, ती अशीच दार वाजवून पळतात. पोरं नसली तर, ज्याला काम असेल तो हाक मारेल. मी डोळे मिटले आणि माळ पुरी केली.

दार उघडलं तर उमैयाळ. पदर चिखलानं भरलेला, ओठ घट्ट मिटलेले. तिनं माझा हात धरून ओढला.

ओदुवार परसात विहिरीजवळ पडले होते. अंघोळ करून धोतर पिळत असताना कोसळले असावेत. तोंड उघडं, डोळे आभाळाकडे. भिंतीपलीकडे कंपाउंडर पेपर वाचत बसला होता. मी हाक मारली तसा भिंतीवरून उडी टाकून आला, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून श्वास भरला. बराच वेळ भरत राहिला. शेवटी मागे सरून बसला.

"केव्हा पडले?" त्यानं विचारलं.

उमैयाळ त्याच्याकडे बघत राहिली.

"अगं, केव्हा पडले? मी इथंच होतो. भिंतीच्या पलीकडे."

मी तिच्या मनगटावरचं कंकण तोडलं. म्हटलं, "बोल, उमैयाळ. सुटलं सगळं. बोल बाळ." तिनं तोंड उघडलं नाही.

बायका जमल्या. आमच्याकडे प्रेताला अंघोळ घालताना पदं म्हणतात, आणि पदं म्हणणाराच तिथं आडवा झालेला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. ती भिंतीला टेकून बसून राहिली, न रडता. कंपाउंडरची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "आता सोळा दिवसांचं सुतक. देवळात पाय ठेवता यायचा नाही. म्हणजे ती तिरुवादिरै गेलीच की."

मी तोवर तो हिशोब केलाच नव्हता. उरले होते सात दिवस. ज्या सकाळसाठी तिनं बापाच्या पडण्यावरही ओठ मिटून ठेवले, ती सकाळ त्याच्या मरणानंच नेली होती.

संध्याकाळी भाऊ तिरुप्पूरहून पोचला. दिवा लागला. तेव्हा उमैयाळ उठली, बापाच्या उशाशी उभी राहिली आणि गायली. पहिली ओळ एका श्वासात. दुसरी, लांब असलेली, तीही एका श्वासात. कुठं कंप नाही, कुठं फाट नाही. म्हातारे पुरुष रडू लागले. मला तो आवाज ऐकवेना. मी शिकवलेलं सगळं त्यात जिथल्या तिथं होतं.

अधिकारी भले निघाले. सुतक फिटल्यावर आले, तिला ऐकलं, तिथंच नेमणूक दिली. आता रोज सायंपूजेला ती गाते. शेजारच्या गावांतून माणसं येतात. शेळ्या तिनं विकल्या. लोकांशी बोलते, थोडं, हळू आवाजात. माझ्याशी बोलत नसे. मी रस्त्यात दिसले की मान खाली घालून जायची. मला तिचा राग नाही. माझे नेम मी सोडले नाहीत. सोडून काय उरलं असतं, मला कळत नाही.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी देवळाच्या पायऱ्यांवर फुलं निवडत होते. पूजेला वेळ होता. ती वर चढताना माझ्यापाशी थांबली.

"अक्का," ती म्हणाली, "त्या दिवशी मी दार वाजवलं, तेव्हा तुमच्या माळेचे किती मणी उरले होते?"

खोटं बोलता आलं असतं. देवळाच्या पायरीवर मी खोटं बोलत नाही.

"एकतीस," मी म्हटलं. "दोनेक मिनिटांचे."

ती एक पायरी वर चढली.

"मला वाटलं, जास्त असतील," ती म्हणाली, आणि आत गेली. गाणं सुरू झालं तेव्हा माझी फुलं निवडून व्हायची होती. मी ती तशीच निवडत राहिले.