पुष्पलताच्या मापाची सायकल

पुष्पलताच्या दहाव्याला आंभोऱ्याला कावळा शिवेना. नदीकाठी कावळे पुष्कळ होते, पण पिंडाकडे एकही येत नव्हता. तिची काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळे म्हणाले. नातवंडांना सांभाळू, असं कबूल केलं. तुळशीला रोज पाणी घालू म्हटलं. भात वाळू लागला.

मग मला सायकल आठवली.

बॅटरीवर चालणारी, घडी होणारी सायकल तिनं नंदनवन वस्तीतल्या कृष्णकांतकडे बनवायला दिली होती. तो शिंप्यासारखं माणसाचं माप घेतो आणि नळ्या कापून हातानं सायकल जोडतो. आमच्या प्रताप नगरच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, पार्किंग नाही. घडी घालून पलंगाशेजारी ठेवीन आणि तुम्हाला न विचारता बहिणीकडे जाईन, असं पुष्पलता म्हणायची. सायकल अर्धी झाली आणि ती गेली.

मी हात जोडून म्हणालो, "तुझी सायकल घरी आणतो."

कावळा जागचा हलला नाही.

"आणून का करान, भाऊजी?" तिची धाकटी बहीण सत्यवती मागून म्हणाली. "चालवीन म्हणा. माह्या घरापर्यंत."

तसं म्हणालो. कावळा आला.

मी सहा फूट आहे. पुष्पलता माझ्या खांद्याला लागत नव्हती.

"सीटची नळी लांब टाकून देतो, काका," कृष्णकांत म्हणाला. "काकूच्या मापात तुमचे गुडघे हनुवटीले लागतीन."

"राहू दे. मी तिच्या सायकलीचं बोललो होतो."

"मंग मोटर तरी लावत जा. मोटरसाठीच तर लोक येतात माह्याकडं."

मी तिथूनच सत्यवतीला फोन लावला. "मोटर लावली तर चालते का?"

तिनं उलट विचारलं, "कावळ्यापुढं तुम्ही का म्हटलं होतं?"

"चालवीन."

"मंग पायडल माराच लागते. मोटरनं गेली तं ते मोटरनं चालवली, तुम्ही नाही."

"अन् अजनीच्या पुलाचा चढ?"

"पुलावर माफ."

सायकल पुरी झाली आणि घडी होऊन ऑटोत माझ्या शेजारी बसून घरी आली. रविवारी सकाळी मी निघालो. सिग्नलला एक स्कूटरवाला हसला.

"नातीची आणली का, काका?"

"बायकोची."

"मंग काकू कुठं आहे?"

"पुढं गेली."

सिग्नल सुटला.

पुलाच्या चढावर बटण दाबलं. मागून कोणी ढकलावं तशी सायकल निघाली. मी मागं पाहिलं. मागं बस होती.

सत्यवती फाटकात उभी होती. वर तारेवर कावळा होता.

"पाह्य वं ताई, आले," ती त्याला म्हणाली.

कावळा दुसरीकडं पाहत होता. मी घंटी वाजवली. तरी त्यानं पाहिलं नाही.

चहा झाला. मी विचारलं, "परतीच्या पुलाचं कसं?"

"परतीचं तुम्ही बोललेच नव्हते," ती म्हणाली. "झालं तुमचं. घडी करा, ऑटो बोलावतो मी."

"राहू दे," मी म्हणालो आणि सायकलवर बसलो.