भोपळ्याचा फ्रॉक

बाजारात भोपळ्यांचा हंगाम होता, म्हणून मी एक चांगला गरगरीत आणला आणि कामाच्या रगाड्यात आठवडाभर ओट्याखाली विसरले. तिथेच चुकलं. आज चिरायला घेतला, तर भोपळ्याच्या अंगात फ्रॉक, आणि आमची धाकटी त्याला थोपटत बसलेली.

"हळू बोल, आई. छकुली आत्ताच झोपलीय."

"छकुलीची आज भाजी आहे," मी म्हटलं.

तिने भोकाड पसरलं. तिचा दादा ओट्यासमोर आडवा झाला. नवऱ्यालाही पाझर फुटला. "राहू दे गं. आज अंडी करू."

"आज हिला सोडलं, तर उद्या कोबीला टोपडं घालतील. मग आपण काय हवा खायची?"

मी हट्टाला पेटले होते. सुरी बाजूला ठेवून धाकटीला मांडीवर घेतलं. "छकुलीच्या पोटात बिया आहेत. त्या तिची बाळं. आपण काढल्या नाहीत, तर आतच सडून जातील. बोल, काढायच्या का?"

हुंदके देत तिने बराच विचार केला. मग स्वतःच फ्रॉक उतरवला, त्याची घडी घातली आणि बियांसाठी वाटी धरली.

रात्री भाजी तिने दोनदा मागून खाल्ली. मी भांडी आवरून वळले, तर सगळ्या बिया रुमालावर ओळीने निजवलेल्या. धाकटी एकेकीला बोटाने थोपटत होती.

"लवकर मोठ्या व्हा गं," ती लाडाने सांगत होती. "मग तुमचीपण भाजी करू."