तळहातावरचा आकडा

दूधसंघात फॅट तपासणारं मशीन दिसायला रुबाबदार असतं, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. खरं किती, हे त्याला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी शहरातल्या एका प्रयोगशाळेतून दर पंधरवड्याला प्रमाण नमुन्यांच्या पेट्या निघत. आत दुधाच्या छोट्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीचा फॅटचा आकडा. संघवाले त्या आकड्यावर आपलं मशीन लावून घेत. आकडाच चुकला, तर सगळी मशीन एकदम चुकणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

तो आकडा धाकट्या बाई काढत. पन्नाशी उलटली तरी त्या धाकट्याच, कारण त्यांच्या आधीपासून थोरल्या बाई तिथे होत्या.

काम तसं जुन्या पद्धतीचं. काचेच्या नळीत आम्ल आणि दूध घालायचं, बूच लावून नळी गरगर फिरवायची, मग गरम पाण्यात उभी करायची. फॅट सोनेरी होऊन वर येतं. नळीच्या मानेवरच्या बारीक रेघांवर ते वाचायचं. डोळा रेघेच्या जरा वर राहिला की आकडा वाढलाच. म्हणून नियम असा, की दोघींनी वेगवेगळं वाचायचं. थोरल्या बाईंनी त्याला आपली तऱ्हा जोडली होती. आकडा पेनाने डाव्या तळहातावर लिहायचा, मूठ मिटायची आणि दोघींनी एकदम उघडायची. जुळलं तर चहा, नाही जुळलं तर भांडण. अर्ध्या रेघेवरून थोरल्या बाई प्रयोगशाळा डोक्यावर घेत. "डोळे आहेत की बटणं गं?" असं विचारत आणि पुन्हा वाचायला लावत. तोंडदेखलं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. धाकट्या बाईंचा कितीदा तरी तिळपापड व्हायचा.

मग थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. "तुमचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द, बाई," साहेब म्हणाले. "दुसरं माणूस हवंय कशाला?" हरभऱ्याच्या झाडावर चढवायला साहेबांना काही लागत नसे. बाईही चढल्या, आणि वर पोचल्यावर कळलं की तिथे आपण एकट्याच आहोत.

सवय मात्र सुटली नाही. अजूनही त्या आकडा तळहातावर लिहीत, मूठ मिटत आणि समोरच्या रिकाम्या स्टुलापुढे उघडत. संध्याकाळी खोलीवर जाऊन हात धूत. भाऊ परगावी, लग्न कधी झालं नाही. हाताला ही शाई कसली, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. आधीही नव्हतंच म्हणा, पण आधी दिवसभर भांडून त्या इतक्या दमत, की घरची शांतता बरी वाटे. आता ती खायला उठायची.

आणि मग एका दूधसंघातून फोन आला. "बाई, तुमच्या नमुन्यांवर मशीन लावलं ना, की फॅट जरा जास्तच दाखवतंय. आमचाच काहीतरी घोळ असेल म्हणा."

"त्यांचाच असणार," साहेबांनी हात झटकले.

पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली. यंदा त्यांना नवा चष्मा लागला होता. जवळचं बघायला खालच्या काचेतून बघावं लागे, की हनुवटी आपोआप वर. मग आपण रेघ वरून वाचतोय का? तीच नळी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. दरवेळी आकडा जुळला. जुळणारच, त्यांचा त्यांच्याशीच जुळत होता. सोमवारी नवी पेटी निघणार होती.

शनिवारी दुपारी त्यांनी एक नळी फडक्यात गुंडाळली, डब्यात उभी ठेवली आणि बस पकडली. नियमात हे कुठेच बसत नव्हतं.

"धाकटे! वाट चुकलीस की काय?" थोरल्या बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा निम्म्या झालेल्या. सून दार उघडून आत निघून गेली होती.

"तुमच्याशी भांडायला आलेय, बाई."

थोरल्या बाई इतक्या खुलल्या, की धाकट्या बाईंना स्वतःची लाज वाटली. इतके दिवस आज जाऊ, उद्या जाऊ करत आपण आलोच नाही. मग दोघींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पातेल्यात पाणी तापवलं. "पासष्ट डिग्री झालं का बघ गं," थोरल्या बाई म्हणाल्या. पूर्वी थर्मामीटरला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

धाकट्या बाईंनी नळी वाचली. तीन पॉइंट आठ. तळहातावर लिहून मूठ मिटली आणि नळी थोरल्या बाईंच्या हातात दिली.

थोरल्या बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. अंगठ्याने बूच हलकेच दाबलं, तीच जुनी सफाई. मान ताठ, भुवया आवळलेल्या. धाकट्या बाईंचा जीव भांड्यात पडला. आता बाई पुन्हा 'डोळे आहेत की बटणं' म्हणणार. त्यांनी पेन पुढे केलं.

थोरल्या बाईंनी पेन घेतलं नाही.

"तुझं किती?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे आधी कधी विचारलं नव्हतं. धाकट्या बाईंनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आणि का कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघालं, "चार पॉइंट सहा."

नवशिक्यालाही हसू फुटलं असतं, असा आकडा.

"माझंही तेवढंच," थोरल्या बाई म्हणाल्या. "अगदी रेघेवर."

नळी ठेवायला त्यांचा हात ओट्याची कड चाचपत होता. धाकट्या बाईंनी ती हळूच काढून घेतली. भांडा ना बाई, असं ओरडावंसं वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जुळलं की. आता चहा."

निघताना थोरल्या बाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या. "पुढच्या वेळीही आणत जा गं. इथे मला कुणी काही विचारत नाही."

"आणेन, बाई."

बसमध्ये सबंध वाटेत त्यांनी डावी मूठ उघडली नाही.

सोमवारी पेटी दोरी बांधून तयार होती. धाकट्या बाईंनी ती उचलून परत शीतकपाटात ठेवली आणि साहेबांना सांगितलं, की आकडे दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय पेटी जायची नाही.

साहेब वैतागले. "आता आणि काय? तुमचं चुकलंय असं कोण म्हणालं?"

"कोणीच नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणायला कोणी उरलंच नाही."