ताईनं आधी सांगायचं

मला सरळ बोललेलं आवडतं. तोंडावर बोला, भांडा, वाटल्यास ताट आपटा, पण पाठीमागे कुजबुज नको. हे मी माझ्या भावंडांना लहानपणापासून शिकवलं. म्हणजे, शिकवलं असं मला वाटत होतं.

आईवडील गेले तेव्हा मधली शाळेत होती आणि धाकट्याच्या नाकाचा शेंबूड अजून मलाच पुसावा लागायचा. तेव्हापासून आमच्या घरात एकच कायदा: ताईनं आधी. पहिला घास ताईचा. अंधाऱ्या जिन्यात पहिलं पाऊल ताईचं. दवाखान्यात सुई आधी ताईला, मग ही दोघं डोळे मिटून दंड पुढे करणार. घाबरट होती ना दोन्ही! आता त्यांचे केस पिकायला लागले, तरी मी घास उचलल्याशिवाय त्यांचा हात ताटाला लागत नाही. लोक हसतात. हसेनात का.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर म्हाताऱ्यांच्या हिरड्यांचं माप आमच्या लॅबमध्ये पाठवतात. आम्ही त्याचा प्लास्टरचा साचा करतो, मेणात एकेक दात बसवतो, मग कवळी पक्की करून घासूनपुसून परत पाठवतो. ऐकायला सोपं वाटतं. एक दात केसभर उंच बसला तर माणूस जेवताना रडतो आणि डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतो. माझी कवळी सहसा परत येत नाही. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे, असं मी म्हणते आणि ते खोटं नाही. मालकही नव्या मुलांना माझ्या टेबलापाशी उभं करून सांगतो, "हिचा हात बघा." पगाराचं मात्र त्यानं कधी नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

घरात मी आणि माझी लेक. नवरा नावाचा प्राणी लेक चालायला लागली तेव्हाच स्वतः चालता झाला, त्याचा विषय नको. लेकीला सगळे छकुली म्हणतात. माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण म्हणतात छकुली.

गेल्या वर्षी छकुलीची शाळा संपली आणि पुढे काय, हा प्रश्न आला. माझा धाकटा लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक आहे. त्यांची कंपनी दरवर्षी थोडी मुलं शिकायला घेते आणि शिकतानाही पगार देते. छकुलीनं त्याची परीक्षा दिली आणि पठ्ठी चक्क पास झाली. सोमवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. इकडे आमच्या मालकानं माझ्या शेजारचं टेबल तिला द्यायचं कबूल केलं होतं. खरं सांगते, मला ती माझ्या शेजारी हवी होती. लिफ्टच्या विहिरीत लोंबकळणारी पोरगी कुठल्या आईला हवी असते?

छकुली मात्र अडून बसली. "आई, कुणी पगार सांगेल तर ठरवता येईल ना. मामाला विचारलं तर म्हणतो, बरं चाललंय. मावशीला विचारलं, तीही म्हणते, बरं चाललंय. बरं म्हणजे किती?"

मला ते पटलं. म्हटलं, एवढंच ना? रविवारी दोघांना जेवायला बोलावते. घरातल्या घरात कसली आलीय लाज?

रविवारी सगळे जमले. मधली ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, ती ड्यूटीवरून तशीच आली. पानं वाढली आणि मी जाहीर केलं, "आज प्रत्येकानं आपला पगार सांगायचा. हातात किती पडतो तो, फेकाफेकी नको. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

आणि अर्थातच आधी मी सांगितला. मान वर करून सांगितला. इतकी वर्षं मान मोडून मिळवलेला आकडा होता तो.

मधलीचा पाण्याचा पेला तोंडाशी जाऊन तिथंच थांबला. धाकटा कान खाजवायला लागला. मला वाटलं, लाजतायत.

"माझंही साधारण तेवढंच गं, ताई," मधली म्हणाली. "रात्रपाळीचे थोडे वर, एवढंच."

"आणि तुझा रे?"

धाकट्यानं ताटात बघत सांगितलं, "तुझ्याहून थोडा कमीच. कंपनी आपली नावाला मोठी."

मला मेल्याची दया आली! मी त्याच्या ताटात आणखी वाढलं. एवढंच नाही, त्या दिवसापासून त्याच्या पोरांचे वाढदिवसाचे कपडे मीच घ्यायला लागले. त्याच्याकडे गाडी आहे, पण मी म्हटलं, हप्त्यावर असेल. घर मोठं आहे, तर म्हटलं, सासऱ्यानं मदत केली असेल. माणसाला विश्वासच ठेवायचा असला की कारणं आपोआप सुचतात.

छकुलीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर मामाला खाली सोडायला गेली, परत आली आणि म्हणाली, "लॅबमध्ये येते."

मी आनंदानं तिची पापी घेतली. घोडी झाली होती तरी घेतली.

वर्ष गेलं. पोरीचा हात चांगला बसला, पण बोलणं कमी झालं. लॅबच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, सारखी बंद पडते. ती दुरुस्त करायला माणसं आली की छकुली हातातलं मेण तसंच टाकून बघायला जायची आणि माझी हाक ऐकून परत यायची. मी म्हणायचे, काम सोडून कसले तमाशे बघतेस?

परवा लिफ्ट पुन्हा अडकली. दुरुस्तीला आली ती कोण? छकुलीच्या वर्गातली चष्मिस! अंगात निळा डगला, कमरेला हत्यारांचा पट्टा, गालाला ग्रीस. छकुली तेव्हा डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवायला गेली होती. मी पोरीला हाताला धरून आत आणलं, चहा दिला.

"काय गं, बरं आहे का काम?"

"एकदम मस्त, मावशी. छकुलीच्या जागी नंबर लागला ना माझा."

"आणि पैसे? देतात का काही?"

मला सरळ विचारायची सवय, आणि त्या पोरीला सरळ सांगायची. तिनं आकडा सांगितला. मला वाटलं, वर्षाचा सांगतेय.

"महिन्याचा, मावशी," ती हसली. "आता शिकाऊ म्हणून एवढाच. पुढे वाढतो. तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या साहेबांना, याच्या तिप्पट तरी असेल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझ्या लेकीच्या वयाची ही काल आलेली मुलगी, शिकाऊ, आणि तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त. पण तिच्यावर कसला राग? तिनं तर खरं सांगितलं. मी तिला आणखी एक कप चहा दिला आणि मधलीला फोन केला. "संध्याकाळी धाकट्याच्या घरी ये. का म्हणून विचारू नकोस."

धाकट्याच्या दारात मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. मधली आधीच येऊन बसली होती.

"पगार किती रे तुझा?"

त्याचा चेहरा पडला. उत्तर तिथंच मिळालं मला.

"ताई, आधी बस तरी..."

"आकडा सांग!"

त्यानं सांगितला. मधलीकडे वळले, तिनंही सांगितला. तिचा माझ्या दुप्पट होता. धाकट्याचा तर विचारूच नका.

"मग माझ्या घरी, माझं अन्न खाताना, माझ्या तोंडावर खोटं बोललात?"

"तू आधी सांगितलास, ताई," धाकटा म्हणाला. रडवेला झाला होता. "तू आधी सांगितलास आणि तो एवढासा. छकुली समोर बसलेली. त्यावर मी माझा कसा सांगणार होतो? तुझं तोंड कसं झालं असतं?"

"मी टेबलाखालून त्याला पाय मारला," मधली म्हणाली. "चूक माझी धर. तू एवढ्या ताठ्यात सांगितलंस, मला बघवेना."

"म्हणजे कीव केलीत माझी."

"कीव नाही गं..."

"मग काय म्हणतात याला? सन्मान?" माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल, जाऊ दे. "मी तुमच्या आधी सुई टोचून घेतली ती तुम्हाला खरं काय ते कळावं म्हणून. दुखतं की नाही ते मी खरं सांगायचे. मला तेवढंसुद्धा देता आलं नाही तुम्हाला? आणि वर्षभर तुझ्या पोरांना कपडे घेतले रे मी! घेताना हात नाही कापला तुझा?"

धाकटा खाली बघत राहिला.

"माझं सोडा. माझा अपमान झाला असता तर झाला असता. मी दोन दिवस भांडी आपटली असती. पण तिचं आयुष्य होतं ते. माझ्या लेकीचं वाटोळं केलंत तुम्ही."

तेव्हा त्यानं मान वर केली. "नाही, ताई. छकुलीला मी त्याच दिवशी खरं सांगितलं. खाली सोडायला आली तेव्हा. म्हटलं, बाई, तुझं नुकसान नको. सगळं सांगितलं, माझा, मावशीचा, पुढे किती वाढतो तेही. तीच म्हणाली, आईला सांगू नकोस."

मी तशीच जिना उतरले. मधली मागून "ताई, ताई" करत फाटकापर्यंत आली, मी वळून बघितलं नाही. भावंडांनी फसवलं ते एक वेळ गिळलं असतं. परकी होतातच भावंडं कधी ना कधी. पण पोटची पोर? रोज कोपराला कोपर लावून बसणारी?

घरी आले तर छकुली कपडे वाळत घालत होती. मी दारातच विचारलं.

"मामानं तुला त्याच दिवशी पगार सांगितला होता?"

तिच्या हातातला टॉवेल पिळलेला तसाच राहिला. मग तिनं होकाराची मान हलवली.

"आणि तरी तू माझ्या शेजारी येऊन बसलीस?"

"हो."

"का? आईची लाज वाटली म्हणून? की माझ्यावर उपकार केलेस?"

"लाज नाही गं, आई." तिचे डोळे भरून आले, पण आवाज स्थिर होता. "मी तिकडे गेले असते तर पहिल्याच महिन्यात तू मला पगार विचारला असतास. सगळ्यांदेखत, जेवताना. आणि मग मलापण मामासारखं खोटं बोलावं लागलं असतं. मला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. माझीच पोर. माझंच नाक, माझाच हट्ट.

"मग वर्षभर रोज काय करत होतीस गं माझ्याशी?" मी विचारलं.

तिनं हातातला पिळलेला टॉवेल पुन्हा पिळायला घेतला.