पायाची हळद

सुनेच्या हाती हळदीकुंकवाचं तबक दिलं आणि तिनं पहिल्याच संक्रांतीला पाहुणी कोरी परत पाठवली, ही राहीबाईची तक्रार. नवऱ्याला, चंपतरावांना सांगून झाली. त्यांनी पेपरातून मान वर काढली नाही, म्हणून मग तिनं ती भिंतीला सांगितली.

झालं होतं ते असं. समोरच्या घरात भाड्यानं आलेली स्वरूपा करीमनगरकडची, नवऱ्याच्या बदलीमागं आदिलाबादेत आलेली. बोलावणं गेलं म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली, सतरंजीवर बसली आणि निऱ्या जराशा उचलून पाय पुढं केले. तेलुगू घरांत हळद आधी पायांना लागते, कुंकू मग. सून हर्षाली पुसदची, तिकडं ही रीत नाही. तिला वाटलं, ही बाई आपल्याला पाय दाखवून राह्यली! तिनं तबक बाजूला सारलं. स्वरूपानं वाट पाहिली आणि उठून गेली. वाणाची वाटी तिथंच राहिली.

"तिच्या पायाले लावा लागते व हळद," राहीबाई म्हणाली.

"मंग तुमी मले सांगतलं काऊन नाई, आत्याबाई?"

राहीबाईनं आवाज चढवला. "सांगाले तू काय पाळण्यात हायेस? आज हे गेली, उद्या गल्लीतल्या समद्या तेलुगू बाया आपला उंबरा चढणं सोडतीन. जाय, लावून ये."

"मी नाई कोनाच्या पायाले हात लावत. माह्या मायनं असं शिकवलं नाई."

"तुह्या मायले आदिलाबादेत नांदा लागत नाई!"

हर्षाली जागची हलली नाही. गल्लीतल्या लेकीसुना राहीबाईच्या पाया पडत, पण राहीबाई स्वतः कुणापुढं वाकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आज तिनंच हळदीत पाणी घालून कालवलं. "वाण घे अन् चाल माह्यामागं."

स्वरूपानं दार उघडलं, पण 'या' म्हणाली नाही. राहीबाई न विचारताच आत शिरली आणि गुडघे धरत फरशीवर बसली.

"वद्दम्मा! आप बडे हैं!" नको नको करत स्वरूपा मागं सरली.

"कूर्चो," राहीबाईनं समोरच्या फरशीवर हात थापटला.

स्वरूपा बसली. राहीबाईनं तिचं पाऊल ओढून घेतलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत हळद माखली, भाकरीला पाणी लावावं तशी. मग दुसरं पाऊल. मग कुंकू. स्वरूपा खाली मान घालून आपल्या पिवळ्या पायांकडं बघत राहिली. मग उठून तिनं हर्षालीच्या हातातली वाटी घेतली आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं हातानंच बजावून आत गेली.

हर्षाली अजून दारातच उभी. राहीबाईनं बसल्या जागेवरून तिला सुनावलं:

"तुही माय खोटी नाई, हर्षाली. पण सवाशीण दारातून कोरी गेली, थे तुहंच चुकलं. पाह्य, माह्या हाताले हळद लागली, नाक हाये तिथंच हाये. आता पुढची बाई येईन, तिचे पाय तुह्याकडं."