मंगळवारनंतर आम्ही नसणार

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनांची यादी येते. ती बघून आम्ही चादरी, गाऊन, टॉवेल यांची गाठोडी बांधतो. त्या शनिवारी मी गुरुवारच्या रकान्यात ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव शोधत होते. हृदयाची झडप बदलायची होती. नावावर काट मारून शेजारी भलत्याच कुणाचं तरी लिहिलं होतं.

तडक वर जाऊन कारकूनबाईंना विचारलं.

"तुमच्याच घरून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मंगळवारनंतर आम्ही इथे नसणार, जागा गरजूला द्या म्हणाले. मला वाटलं, बिऱ्हाड हलवताय."

मी कपाळाला हात लावला. ह्यांनी जन्मभर जमिनीची मोजणी केली. निवृत्त झाल्यावर बायबलमधल्या संदेष्ट्यांचे आकडे मोजायला घेतले. सत्तर सप्तकं, साडेतीन वर्षं, सात शिक्के, असा भिंतभर तक्ता. प्रभू कधी येणार आणि विश्वासणाऱ्यांना कधी वर स्वर्गात उचलून घेणार, ते त्यात तारखेसकट. तो दिवस माणसाला कळायचा नाही, असं चर्चच्या पाळकांनी परोपरीनं समजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि पेन्सिलीला टोक केलं. आतापर्यंत तीन तारखा येऊन गेल्या होत्या; चौथी ह्या मंगळवारची.

घरात पाऊल टाकताच मी कडाडले, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते? महिनाभरसुद्धा थांबू नका म्हणाले होते ना?"

"नवं शरीर मिळणार असताना जुन्याला टाके कशाला?" हे शांतपणे म्हणाले. "कुणी विश्वास न ठेवणारा असेल तर त्याला मागे राहायचंय अगं. ऑपरेशनची जागा त्याच्या कामी येईल."

इतक्या मायेनं म्हणाले की मला धड भांडताही येईना. आणि तसंही, भांडायला अंगात त्राण उरलं होतं कुठे?

मंगळवारी आम्ही स्वच्छ कपडे घालून खिडकीशी बसलो. कचऱ्याची गाडी आली, गेली. शाळा सुटली. इतकी वर्षं ह्यांच्या तारखांना नाकं मुरडली, पण खरं सांगते, त्या दिवशी मीही कान देऊन होते. प्रभू, ये रे बाबा एकदाचा, असं मनापासून म्हणत होते. ह्यांना दम न लागता चालता येऊ दे आणि मला त्या इस्त्रीच्या वाफेतून सोडव. दिवे लागले. मी उठून भात टाकला.

बुधवारी कारकूनबाईंनी पुढची जागा दिली, चार महिन्यांनंतरची. घरी आले तर हे खोडरबर घेऊन तक्त्यापुढे उभे. खुर्चीपासून भिंतीपर्यंत जाताना दोनदा थांबले असणार, ओठ निळसर दिसत होते.

"एका सप्तकात चूक होती," ते म्हणाले. "पुढचा महिना निघतोय."

"अहो," मी म्हणाले, "जरा पुढे ढकला ना. ऑपरेशनच्या पलीकडे."

आता चिडणार, असं वाटलं. कुणाच्या भिडेखातर बांध वीतभरही न सरकवणारा हा माणूस. पण त्यांनी आकडा खोडला, बोटांवर चार महिने मोजले आणि नवीन तारीख लिहिली. पेन्सिल तिथेच टेकलेली राहिली.

"तोपर्यंत मी असेन का गं?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्यांनी मला तारीख विचारायची ही पहिलीच वेळ.

"माहीत नाही हो," मी म्हणाले, आणि त्यांना धरून खुर्चीत बसवलं.